मिस्त्रींच्या घरातली नाकबंदी

खुर्च्या बनवणाऱ्या मिस्त्रींच्या घरात नाकाचं नाव काढायला बंदी होती. हुकूम बायकोचा. मिस्त्रींच्या नाकातला कॅन्सर दोनदा काढून, किरणांचा शेक देऊनही तिसऱ्यांदा उगवला, आणि सर्जन म्हणाले, "या वेळी नाकच काढावं लागेल. नकली बसवू, कळणारसुद्धा नाही." त्या दिवसापासून बंदी लागू झाली.

घालायला सोपी, पाळायला अवघड. आपल्या भाषेने निम्मा संसार नाकावर टांगून ठेवला आहे. शेजारीण नाक मुरडते असं म्हणायची सोय राहिली नाही. 'तोंड वाकडं करते' यावर भागवावं लागे. बायकोचा भाऊ तर एकदा कुणाबद्दल तरी "उगीच मध्ये ना..." इथवर येऊन थबकला आणि "कान खुपसतो" असं म्हणून मोकळा झाला.

दुसऱ्या लाकडाचं ठिगळ लावलेली खुर्ची मिस्त्रींनी आयुष्यात दुकानाबाहेर पाठवली नव्हती. आता ठिगळ त्यांच्याच तोंडावर बसणार होतं.

शेवटी सर्जनांनीच त्यांना एका डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. गाठ पसरट आहे, खोल नाही, तेव्हा उजेडाने जमतं का पाहू, असं त्या म्हणाल्या. शिरेतून औषध द्यायचं. ते वाईट पेशींत जास्त साठतं. निळ्या उजेडात त्या पेशी गुलाबी चमकतात, आणि लाल उजेड पाडला की तेच औषध त्यांना मारतं.

"आणि नाक... म्हणजे, तो भाग?" बायकोने विचारलं.

"सुजेल. पण बहुतेक वाचेल. खात्री देत नाही." मग दुर्बीण उचलून त्या मिस्त्रींना म्हणाल्या, "हं, सरळ नाकासमोर बघा."

बायकोचा चेहरा बघून मिस्त्रींना हसू फुटलं.

"हलू नका."

"हलत नाही. घरात हा शब्द ऐकून बरेच दिवस झाले."

उपचाराच्या दिवशी दुर्बिणीच्या पडद्यावर निळ्यात गुलाबी डाग उमटले. मिस्त्रींना त्यात नवल वाटलं नाही. पॉलिशआधी तेही दिवा आडवा धरत, की फळीवरचा लपलेला ओरखडा आपणहून पुढे येई. मग लाल उजेड आला. चांगलंच झोंबलं, मिस्त्रींनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि तेवढ्यात ते जरासे तडकलेले आहेत हेही टिपून ठेवलं.

अंगातलं औषध उतरेपर्यंत ऊन वर्ज्य. घरभर जाड पडदे. मेहुणा चाचपडत आला.

"दाजी, घर आहे की घुबडाची ढोली?"

"ये, बस. तुझं तोंड दिसत नाही, हा एक फायदाच आहे."

सूज उतरली, खपल्या पडल्या. नंतरच्या तपासणीला पुन्हा औषध, पुन्हा निळा उजेड. पडदाभर निळंच, गुलाबीचा ठिपकासुद्धा नाही. तपासायला काढलेला तुकडाही स्वच्छ निघाला.

"तपासणीला येत राहायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण 'ते' काढायची गरज नाही."

बाहेर बाकावर बायको आणि मेहुणा वाट पाहत होते. मिस्त्रींनी बातमी सांगितली नाही. त्यांनी रुमाल काढला आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं स्वतःचं, जन्मजात, बिनठिगळाचं नाक शिंकरलं. बाकावरची माणसं वळून बघू लागली.

बायकोने पदराने डोळे पुसले.

"हळू," ती म्हणाली. "चारचौघांत नाक कापाल आमचं."