आई सीरियस, प्रश्न अमान्य

'तुमच्या प्रश्नाची नोंद घेतली आहे' असं कुणी म्हटलं की माझं अजूनही डोकं फिरतं. नवरा म्हणतो, झाली की इतकी वर्षं, सोड आता. नाही सोडत. त्या खोलीत मी होते, तो नव्हता.

मस्कतला गाला नावाच्या कारखान्यांच्या भागात एका कंपनीच्या ऑफिसात मी सेक्रेटरी होते. खाली क्रेन दुरुस्तीचं गॅरेज, वर आम्ही. मी पुण्याची, इंग्रजी बरं, त्यामुळे पत्रं आणि मीटिंगची मिनिट्स माझ्याच गळ्यात. तेलाचे भाव कोसळले, जुना मॅनेजर गेला आणि त्याच्या जागी एक आयरिश साहेब आले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या.

साहेबांना त्यांच्या देशाच्या पार्लमेंटचं वेड होतं. दुपारी सँडविच खाताना कॉम्प्युटरवर तिथलं आदल्या दिवशीचं कामकाज लावायचे. मी फाइल घेऊन गेले की मलाही दाखवायचे. विरोधी बाकावरचा एखादा खासदार विचारायचा, माझ्या गावातल्या मुलीचं ऑपरेशन कधी होणार? मंत्री म्हणायचे, प्रश्न अतिशय महत्त्वाचा आहे, पण तो माझ्या अखत्यारीत येत नाही. खासदार पुन्हा उठला की सभापती म्हणायचे, वेळ संपली. मागून कुणी ओरडायचं, हरकतीचा मुद्दा! सभापती म्हणायचे, हा हरकतीचा मुद्दाच नाही, बसा. साहेब खूश व्हायचे. "बघितलंस? आमच्याकडे सरकारला जाब विचारता येतो." येत होता, खरं आहे. त्या मुलीच्या ऑपरेशनचं पुढे काय झालं, ते मात्र मला कधी कळलं नाही.

मग साहेबांनी आमच्याकडेही तसंच सुरू केलं. महिन्यातून एका गुरुवारी ओपन हाउस. कामगारांनी मॅनेजमेंटला प्रश्न विचारायचे. प्रश्न इंग्रजीत, लेखी, चार दिवस आधी. एका माणसाचा एक प्रश्न, पुरवणी प्रश्न नाही. साहेबांचा निर्णय अंतिम. आणि मिनिट्स लिहिणाऱ्याने मधे बोलायचं नाही. पहिल्या महिन्यात मलासुद्धा अभिमान वाटला होता. आखातात फिटर उभा राहून साहेबाला प्रश्न विचारतो, हे कुठे बघायला मिळतं? बोलाचीच कढी होती ती, पण तेव्हा वास छान आला.

गॅरेजमध्ये मालवणकडचे एक काका होते, हायड्रॉलिकचं काम करणारे. पन्नाशीचे, हात कायम ग्रीसने काळे. एका सकाळी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"म्याडम, घराकडसून फोन इलो. आवस शिरयस आसा. हॉस्पिटलात ठेवल्यानी."

तेव्हा एका रिफायनरीचं मोठं काम चालू होतं, सगळ्यांच्या रजा बंद होत्या. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. अपवाद करायचा तर ओपन हाउसमध्येच, असा साहेबांचा नियम. म्हणजे कुणावर अन्याय नको. मी लगेच फॉर्म घेतला आणि काकांचा प्रश्न इंग्रजीत लिहिला: माय मदर इज सीरियस. मला इमर्जन्सी रजा कधी मिळेल?

लिहिताना हात अडखळला नाही. आपण असंच बोलतो ना? आई सीरियस आहे, ताबडतोब निघ. याचा अर्थ न कळणारा माणूस आपल्याकडे जन्मायचा आहे.

गुरुवारी काकांचा नंबर आला. ते उभे राहिले. साहेबांनी प्रश्न मोठ्याने वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "माझीही आई फार सीरियस होती. उभ्या जन्मात एकदाही हसली नाही."

खोलीत हशा पिकला. ज्यांना इंग्रजी कळलं ते हसले, ज्यांना कळलं नाही ते साहेब हसले म्हणून हसले. काकाही हसले, हात जोडून.

"प्रश्नात रजेचं कारण दिलेलं नाही. अमान्य. पुढच्या महिन्यात कारणासह पुन्हा मांडावा. नेक्स्ट."

काका काहीतरी बोलायला गेले. फोरमनने त्यांना दंडाला धरून खाली बसवलं, "खलास, बैठो." मी लिहिलं: प्रश्न क्रमांक सहा, अमान्य. अक्षर सुरेख आलं होतं, ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मीटिंग संपताच मी साहेबांच्या केबिनमध्ये धावले. सीरियस म्हणजे काय, ते सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला. दोनदा सॉरी म्हणाले. मला वाटलं, आता सही करतील. तर म्हणाले, "निर्णय दिलेला आहे. आता मागच्या दाराने फिरवला तर बाकीच्यांना काय सांगू? हॉस्पिटलचा दाखला मागव, नवा फॉर्म भर. रविवारी विशेष बैठक घेतो."

मी भांडले. अहो, विमान पाच तासांनी आहे, आई गेली तर? ते म्हणाले, तुझ्या मुद्द्याची मी नोंद घेतली आहे.

काकांच्या भावाने शनिवारी दाखला व्हॉट्सअॅपवर पाठवला. मी माबेला भागातल्या आमच्या घरी डायनिंग टेबलाशी बसून नवा फॉर्म भरला. या वेळी 'क्रिटिकली इल' लिहिलं. रविवारी पहाटे आई गेली.

मग बघा गंमत. मृत्यू हे कारण नियमात आधीपासूनच होतं. त्याला ना बैठक लागत होती, ना चार दिवस. साहेबांनी दहा मिनिटांत सही केली, तिकीट कंपनीच्या खर्चाने काढलं, आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. वरातीमागून घोडं, तेही शृंगारून! मला ते पाणी बघून इतका संताप आला की मी दार आपटून बाहेर आले.

दुपारी काका पासपोर्ट न्यायला आले. अग्नी भावाने दिला होता. हे आता बाराव्या-तेराव्यासाठी जाणार होते. हात स्वच्छ धुतलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. रजिस्टरमध्ये सही केली आणि आवाजही न चढवता विचारलं,

"म्याडम, शिरयस म्हंजे काय ता तुमका म्हायत होता मां? मगे तेवा तुमी कित्याक बोलूक नाय?"

"काका," मी म्हणाले, "मिनिट्स लिहिणाऱ्याला तिथे बोलायची परवानगी नसते."

"बरा," ते म्हणाले, आणि पासपोर्ट खिशात घालून जिना उतरून गेले.