सहा दिवसांच्या शिकारीला आठ दिवसांचा गॅस

वाळवंटात माणूस तहानेने मरतो असं सगळं जग मानतं. पण सौदीतल्या जेद्द्याच्या अझीझिया वस्तीत माझ्या शेजारच्या खोलीत राहणारे चाचा छातीठोकपणे सांगतात, की तो गॅस संपल्याने मरतो. चाचा रत्नागिरीकडचे, वीस वर्षं एकाच कफिलाच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरब मालकाच्या, गोदामात. हा कफील दर हिवाळ्यात परवाना काढून, ससाणा घेऊन तबूककडच्या डोंगराळ वाळवंटात सहा दिवस शिकारीला जायचा आणि स्वयंपाकाला चाचांना न्यायचा. शिकार बहुधा मिळायचीच नाही, पण चाचांची मोहीम महिनाभर आधी आमच्या गच्चीवर सुरू व्हायची. स्टोव्ह मांडायचा, वाळवंटातला वारा म्हणून समोर टेबलफॅन लावायचा, किटलीभर पाणी उकळायचं आणि गॅसचा डबा आधी नि नंतर काट्यावर तोलायचा. माणसं सहा, प्रत्येकाला दिवसाचे पाच चहा, दोन वेळचा भात, पहाटेच्या नमाजाआधी वजूला, हातपाय धुवायला, कोमट पाणी, शिवाय वाटेवरचा पाहुणा आला तर त्याचा कहवा. मी नाशिकचा, इंजिनिअर. माझ्या पदवीचा मान राखून ते मला घड्याळ धरायला उभं करत. एकदा मी गुपचूप पंखा बंद केला आणि पाणी चटकन उकळलं, तर चाचा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

एवढं करूनही पहिल्या वर्षी त्यांची फजिती झाली होती. समुद्रकाठी जन्म गेलेल्या या माणसाने वारा धरला, पाहुणा धरला, थंडी मात्र धरलीच नाही. तबूकच्या गारठ्यात भरल्या डब्यातून गॅस बाहेर येईना आणि सगळे शिकारी ब्लँकेटं पांघरून ऊन वर येण्याची वाट बघत बिनचहाचे बसले. तेव्हापासून चाचा तिकडे डबा पोटाशी घेऊन झोपू लागले. कफील ज्याला त्याला सांगे, की वाळवंटातला बदू उंटाला जपतो, आमचा हिंदी डब्याला.

गॅस मात्र ते कायम आठ दिवसांचा नेत. दोन दिवसांचं जास्त ओझं कशाला, असं मी खोदून खोदून विचारलं तेव्हा एकदाच म्हणाले, "ऱ्हायलो दोन दिस जास्त, तर नको कोण म्हणतंय?" फ्लॅटमध्ये आम्ही चौघे आणि चौघांच्या ड्युट्या चार वेगळ्या वेळांच्या. चाचा ओट्यापाशी उभ्या उभ्याच जेवत. तिकडे सहा दिवस सहा माणसं एका थाळ्याभोवती बसत. सगळा खटाटोप त्या थाळ्यासाठी होता हे मला फार उशिरा कळलं, आणि आजवर उडवलेल्या टिंगलीची लाज वाटली.

यंदा डबे तोलून, पिशवीत भरून झाले आणि कफिलाच्या थोरल्या मुलाचा फोन आला. वडिलांच्या गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली होती. आम्ही भाऊ भाऊच जाऊ, जनरेटर आहे, विजेची शेगडी आहे, चाचांनी तसदी घेऊ नये, असं तो अगदी अदबीने म्हणाला. चाचा नुसतं "खलास" म्हणाले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मी थांबायला हवं होतं, पण ड्युटीवर निघून गेलो.

पुढच्या शुक्रवारी दुपारी नमाजानंतर चाचा स्टोव्ह आणि एक डबा घेऊन बाहेर पडले. मुलं शिकारीला गेली होती आणि कफिलाने स्वतः फोन करून बोलावलं होतं. ज्या बंगल्यात स्वयंपाकाला दोन माणसं आहेत, तिथल्या अंगणात या दोघांनी सतरंजी टाकून चहा उकळला, भात शिजवला आणि एकाच थाळ्यात खाल्ला. संध्याकाळी परतल्यावर चाचा पायातल्या चपला न काढता खुर्चीवर बसून राहिले.

"भाऊ," ते म्हणाले, "इतकी वर्सं मला वाटलं, हा मला जेवान करायला नेतो. अरे, तो पन घरात एकटाच जेवतो."

ड्युटीला अजून तासभर होता. मी दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्याजवळ बसलो.