बॅटरीच्या गाडीने ताईला आणायला

मूल गावाहून निघायच्या सकाळी आमची गाडी जागीच होईना. रात्रभर राईस मिलच्या प्लगवर लावून ठेवलेली मोठी बॅटरी काठोकाठ भरली होती. पण दिवे लावणारी, गाडी चालू करणारी एक लहान बॅटरी वेगळी असते आणि तिने मान टाकली होती. जुनी इलेक्ट्रिक गाडी घेतली की अशा गोष्टी घेतल्यानंतरच कळतात.

बाबा त्याच मिलमध्ये हमाली करतात. त्यांनी मिलचा ट्रॅक्टर शेजारी आणून दोन वायरी जोडल्या, तेव्हा आमच्या गाडीने डोळे उघडले.

"पाह्य, शेवटी डिझेलवाल्यानंच उठवलं तुया गाडीले," बाबा म्हणाले.

ही गाडी आधी नागपूरच्या एका डॉक्टरीण बाईंची. त्या ती दवाखान्यापर्यंत नेत आणि परत आणत, एवढाच तिचा संसार. मी चंद्रपूरला कॉलेजात जाते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मी आणि दोन मैत्रिणी मिळून रोज जाऊ-येऊ, बसपेक्षा स्वस्त पडेल, असा बाबांचा हिशेब. तो बराचसा खराही ठरला. तेल बदलायचे नाही, पेट्रोलपंपाकडे बघायचे नाही. फक्त मिलमधल्या उंदरांनी बॉनेटखाली धानाच्या भुशाचे घर बांधून वायर कुरतडली आणि त्या दुरुस्तीत आमची बरीच बचत गेली. टायरही इथे मिळत नाही, नागपूरहून मागवावा लागतो.

आता या शहरी गाडीला आम्ही आलापल्लीच्या जंगलात नेत होतो, ताईला आणायला. तिला सातवा महिना लागला होता आणि पहिले बाळंतपण माहेरी करायची आमच्याकडे रीत आहे. पण तिच्या सासूबाईंनी, म्हणजे मावशींनी, फोनवर सांगितले होते, "बसनं धाडत नाई मी. सोताची गाडी आणसान, तर नेजा." आमच्याकडे गाडी कुठून येणार, असे त्यांना वाटले असावे.

वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीत शिरलो. एका हॉटेलच्या आवारात चार्जिंगची दोन यंत्रे होती. एक बंद. दुसऱ्याला मोबाइलवर आलेला नंबर द्यायचा होता आणि मोबाइलला रेंज नव्हती. मी फोन उंच धरून आवारभर फिरले तेव्हा कुठे तो आला. गाडी भरेपर्यंत तर्री (झणझणीत रस्सा) घातलेला आलुबोंडा खाल्ला. शेजारच्या टेबलावर एसटीचे एक ड्रायव्हर बसले होते.

"एकदा भरली का किती जाते गा?" त्यांनी बाबांना विचारले.

"दोनशे."

"एकशे चाळीस," मी हळूच म्हणाले. "तेही एसी बंद ठेवला तर."

"मंग एसी कायले हाय?"

"दाखवाले," बाबा म्हणाले.

चामोर्शीत चहा घेताना हाच प्रश्न आला आणि बाबांनी अडीचशे सांगितले. गाडीची बॅटरी उतरत होती, बाबांचा आकडा चढत होता.

आष्टीच्या पुढे सागवान दाट होत गेले. त्याची ताटाएवढी वाळकी पाने रस्त्यावर पडलेली, चाकाखाली पापडासारखी मोडत. गाडीचा स्वतःचा आवाज काहीच नाही. पुढे गाईंचा कळप चालला होता, त्यांना आम्ही आल्याचे कळेना. हॉर्न वाजवायला मला संकोच वाटला. शेवटी गुराखी काकाच मागे वळले.

"वाजव ना व बाई. गाईले काय सपन पडन, मांगं गाडी हाय म्हणून?"

आलापल्लीला पोचलो तेव्हा गाडीत चौदा टक्के उरले होते. मावशी अंगणात तांदूळ निवडत होत्या.

"जय भीम. आवाज नाई आला, मी समजलो सायकलच आली." त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "लहानी हाय."

ताईची बॅग दारातच भरून ठेवलेली होती.

चहापाण्याआधी मी चार्जिंगची वायर ओसरीतल्या बोर्डात लावली. लाल दिवा लागला. दुसऱ्या बोर्डात लावली, तिथेही लाल. घराला अर्थिंग नव्हती. जमिनीत पुरलेली ती तार नसेल तर ही गाडी विजेचा घोट घेत नाही. टीव्ही चालतो, मिक्सर चालतो, हिचे मात्र नखरे. आमच्या घरीही तेच, म्हणून तर ती मिलमध्ये राहते.

"मंग जात नाई?" मावशींनी विचारले. त्यांच्या आवाजात दुःख मला तरी जाणवले नाही. "राहू द्या. इथी दवाखाना हाय, मी हाय. बाळंतपण इथीच होईन."

ताई बॅगेवर बसून राहिली.

"आई, चक्कीत अर्थिंग हाय," भाऊजी म्हणाले, तशा मावशींनी त्यांच्याकडे डोळे वटारले.

ताईने मला आत बोलावून सांगितले. गल्लीच्या टोकाला चंद्रकलाबाईंची पिठाची चक्की. कधीतरी मावशींच्या गव्हाच्या पिठात दुसऱ्या कोणाच्या लाखोळीचे (एक कडधान्य) पीठ मिसळले. त्या दिवसापासून मावशींनी त्या दारात पाय ठेवला नव्हता. त्यांचे दळण गावाच्या दुसऱ्या टोकाला जाई.

मी एकटीच चक्कीवर गेले आणि अडखळत सगळे सांगितले. चंद्रकलाबाईंनी पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया उचलल्या.

"तिची सून न्याची हाय ना? मंग तिले येऊ दे."

परत येऊन मी तो निरोप जसाच्या तसा दिला. मऊ करून सांगावा असे वाटले होते, पण सुचले नाही. मावशी उठल्या आणि आत गेल्या. बराच वेळ डब्यांचा आवाज येत राहिला. संपले, असे मला वाटले. ताई बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत होती.

मावशी बाहेर आल्या त्या कमरेवर गव्हाचा डबा घेऊन. "चला. चक्कीवर रिकाम्या हातानं जात नसतेत."

दळणाला आलेल्या बायका त्यांना पाहून बाजूला सरकल्या. चंद्रकलाबाईंनी डबा काट्यावर ठेवला.

"जाडं का बारीक?"

"बारीक," मावशी म्हणाल्या. "अन् गव्हाचंच."

एक बाई पदराआड हसली. मग चंद्रकलाबाईही हसल्या. "तुयासाठी दगड झाडून घेतो व माय, मंग टाकतो."

ते दळण उतरले, मी गाडी चक्कीच्या दारात आणली आणि चंद्रकलाबाईंनी चक्की बंद केली. चक्कीची मोटर आणि गाडी, दोन्हींचा भार तिथली वीज एकदम पेलत नव्हती. बाकीच्या बायका डबे तिथेच ठेवून गाडीत बसून पाहू लागल्या. बाहेरच्या बोर्डाला वायर लावली, हिरवा दिवा लागला. मावशी त्या दिव्याकडे पाहत राहिल्या.

सकाळी निघताना त्या नवे लुगडे नेसून पुढच्या सीटवर बसल्या. "सून एकटी कशी धाडू?" बाबा आणि ताई मागे, मध्ये तांदळाचे पोते आणि ताज्या पिठाचा डबा. खड्डा आला की मावशी माझ्या हातावर हात ठेवत, "हळू व, हळू." मी इतकी हळू चालवली की बॅटरीही आदल्या दिवसापेक्षा कमी उतरली.

गडचिरोलीत पुन्हा त्याच हॉटेलात थांबलो. एका पोलीसभाऊंनी वाकून विचारले, "एकदा भरली का किती जाते?"

"तीनशे," मावशी म्हणाल्या. बाबा त्यांच्याकडे आदराने पाहू लागले.

मूलला आल्यावर त्यांनी आमचे घर पाहिले, ताईची खाट हलवून पाहिली, दवाखाना किती लांब ते विचारले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. तेवढ्याशा वाटेसाठी मी प्रथमच एसी लावला.

बसमध्ये चढून त्यांनी खिडकीतून मला जवळ बोलावले.

"बाळाले घेऊन याच गाडीनं येजा. मी चंद्रकलेले सांगून ठेवतो, त्या दिवशी दळण बंद."