आमच्या गल्लीतलं ‘गैर’

शब्दांविषयी लिहायला मी काही मराठीचा विद्यार्थी नाही. परभणीला बी.कॉम. करतो, कॉलेजात गेलेला घरातला पहिलाच. तेव्हा कुठं चुकलो तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं. पण शब्दकोशात ‘गैर’ पाहिला, तिथं ‘अयोग्य’ एवढंच दिलेलं, आणि मला राहवलं नाही.

आमच्या गल्लीत हा शब्द सगळ्याच अयोग्य गोष्टींना लावत नाहीत. दुसऱ्याच्या पाळीत कुणी कॅनॉलचं पाणी वळवलं तर ‘चालायचंच’ म्हणतात. बाई मोठ्यानं हसली, पोरीनं मोटरसायकल चालवली, की मात्र ‘गैर’. आणि तो शब्द आबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या चुलत्यांनी उच्चारला, की पुढं कुणी बोलत नसे.

बहीण दहावीला होती. दिवाळी झाली, आई-वडील ऊसतोडीला निघाले. मी सुट्टी संपवून परभणीला परतणार होतो. बहिणीला मागं राहून परीक्षा द्यायची होती. सोबत गेली की शाळा सुटलीच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. समोरच्या ओट्यावरून आबा म्हणाले, तरणी पोर एकटी ठेवून जाणं गैर आहे. वडील तिचे कपडे गाठोड्यात भरायला लागले.

आईनं ते गाठोडं सोडलं. डोक्यावरचा पदर नीट केला.

“खरंय आबा, एकटी ठिवणं गैरच. तुमच्या घरी झोपंल ती. मंग तर गैर न्हाई ना?”

आबांच्या घरातून आजी, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, “आता आपलंच घर गैर हाय म्हणू नका म्हंजे झालं.”

गल्ली हसली. बहीण राहिली. ती पुस्तक घेऊन बसली की आबा टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघायचे म्हणे. ती चांगल्या मार्कांनी पास झाली. आता बारावीला आहे; आई-वडील ऊसतोडीला गेले की अजूनही आबांकडंच झोपते.

परवा तिचा फोन आला. ऊसतोडीचा ट्रॅक्टर गल्लीत आला होता. शेजाऱ्यांनी त्यांच्या आठवीतल्या पोरीला भांड्याकुंड्यांसोबत वर बसवलं होतं. आबा काठी टेकत ट्रॅक्टरपुढं जाऊन उभे राहिले.

“शाळा बुडवून पोर नेणं गैर हाय,” म्हणाले.

पुढं कुणी बोललं नाही. पोरगी खाली उतरली. आजीनं बहिणीशेजारी तिचंही अंथरूण घातलंय.