खोक्यावरची बाई

स्टुडिओच्या पाटीवर नाव दिराचं, आणि आत फोटो काढायची वहिनी. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. दीर काउंटरवर बसून गिऱ्हाइकांशी गप्पा हाणायचा. आतली खोली इतकी चिंचोळी, की स्टूल ठेवायला जागा नाही. गिऱ्हाईक पांढऱ्या भिंतीला टेकून उभंच राहायचं. वहिनी उंचीने बेताची. म्हणून ती एका लाकडी खोक्यावर चढायची आणि रस्त्याकडच्या काचेच्या दाराला पाठ करून कॅमेरा डोळ्याला लावायची. वहिनींना खोक्यावरून उतरवलं तर फोटोत नुसत्या नाकपुड्या येतील, हा दिराचा ठरलेला विनोद. गिऱ्हाईक हसायचं, चेहरा सैल पडायचा, आणि नेमकं तेव्हाच ती बटण दाबायची.

दिराचा एक नियम मात्र कडक होता. डोळ्यात दुकान दिसता कामा नये. बुबुळात दार, दिवे, खोकं, जे काही उमटेल ते पुसायचं आणि एकच पांढरा ठिपका ठेवायचा. हजारो डोळ्यांतून वहिनीने स्वतःच्या हातांनी स्वतःला पुसलं होतं. त्यात काही वावगं आहे, असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

मग शाळांनी आणि कारखान्यांनी ठरवलं, की ओळखपत्रांचं काम प्रमाणपत्र असलेल्या छायाचित्रकारालाच द्यायचं. दिराने लगेच अर्ज आणला. लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक आणि स्वतः काढलेले बारा फोटो. जेवता जेवता तो सहज म्हणाला, "वहिनी, तुमचे चांगलेसे बारा काढून ठेवा. मी भरतो."

वहिनीचा घास हातातच राहिला. नवरा पाण्याच्या पेल्यात बघत होता. भाऊ आणि बायको यांच्यामध्ये तो नेहमीच पेल्यात बघायचा. तिने घास परत ताटात ठेवला आणि सांगितलं, की बारा निघतील, पण माझ्या अर्जाबरोबर जातील.

दीर आधी हसला, मग फुगला. त्यानेही अर्ज भरलाच, आणि लेखी परीक्षेत आपटला. वहिनी पास झाली. तेव्हापासून नाकपुड्यांचा विनोद बंद झाला.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी ती खोकं काखेत मारून बसमध्ये चढली. संस्थेच्या फाटकावर पहारेकऱ्याने विचारलं, यात काय आहे? काही नाही, यावर मी असते, असं सांगून ती आत गेली.

परीक्षक दोन होते. एक दाढीवाले, एक चष्मेवाल्या बाई. दाढीवाल्यांनी तिचे बारा फोटो मन लावून पाहिले, मान डोलावली, मग संगणकावर मूळ फायली उघडल्या आणि त्यांची मान थांबली. प्रत्येक फायलीत छायाचित्रकार म्हणून दिराचं नाव होतं. कॅमेरा आणला त्या दिवशी त्याने कॅमेऱ्यातल्या 'छायाचित्रकार' या ओळीत ते टाकलं होतं, आणि तेव्हापासून ते प्रत्येक फोटोबरोबर आपोआप नोंदलं जायचं. वहिनीने ती ओळ कितीदा पाहिली होती, पण कॅमेरा त्याचा, म्हणून तिला कधी हात लावला नव्हता.

"त्यांचं पत्र आणा," दाढीवाले म्हणाले. "फोटो तुम्ही काढलेत एवढं त्यांनी लिहून द्यायला हवं."

दीर ते पत्र जन्मात देणार नव्हता. पण दिलं असतं, तरी तिला ते नको होतं.

"बटण दाबताना ते बाहेर बसलेले असायचे, सर. आत काय झालं ते त्यांनी कशाला लिहून द्यायचं? ज्यांच्यासमोर मी उभी होते त्यांनाच विचारा की."

तिने एका म्हाताऱ्या शिंप्याची न पुसलेली मूळ फाईल उघडली आणि त्याचा डोळा मोठा केला, अजून मोठा केला. बुबुळात काचेच्या दाराचा उजळ चौकोन होता. चौकोनात एक बुटकी काळी आकृती, बाहेर आलेली कोपरं, आणि पायाखाली खोकं. दुसरी फाईल, तिसरी, बाराही. चष्मेवाल्या बाई खुर्ची ओढून पुढे सरकल्या.

"ही कोणीही असू शकते," दाढीवाले म्हणाले, पण त्यांचा आवाज उतरला होता.

"मग तुम्हीच भिंतीला उभे राहा."

ते उभे राहिले. वहिनीने खिडकीकडे पाठ करून खोकं मांडलं, वर चढली, संस्थेचा कॅमेरा उचलला आणि सवयीने म्हणाली, "हनुवटी जरा खाली. श्वास सोडा." बटण दाबलं, फोटो संगणकावर घेतला आणि त्यांचा डोळा शिंप्याच्या डोळ्याशेजारी लावला. तीच कोपरं, तेच खोकं. दाढीवाले बराच वेळ स्वतःच्या बुबुळात बघत राहिले.

"डोळ्यांखालच्या पिशव्या तेवढ्या काढाल ना?" अखेर त्यांनी विचारलं.

"आज काहीच पुसणार नाही, सर."

चष्मेवाल्या बाईंनी हसू दाबत शिक्का पुढे ओढला.

दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र पिशवीतच ठेवून वहिनी आतल्या खोलीत गेली. खोकं जागेवर सरकवलं, कॅमेऱ्यात ती ओळ शोधली आणि एकेक अक्षर दाबत दिराचं नाव खोडायला लागली. दीर दारात येऊन उभा राहिला.

"कॅमेरा माझा आहे, वहिनी."

"तुमचाच आहे, भावजी," ती मान वर न करता म्हणाली. "ही ओळ फोटो काढणाऱ्याची आहे."

तिने आपलं नाव पुरं केलं, खोक्यावर चढली आणि पहिल्या गिऱ्हाइकाला आत पाठवायला सांगितलं.