दर फेब्रुवारीत गावाला जाणारी वस्ती

फोन आला तेव्हा मी वस्तीतल्याच एका घरात सेट टॉप बॉक्स बदलून देत होते. पलीकडून माझे यजमान एवढंच म्हणाले, "आई गेली." मी म्हटलं, "येते." मग वायरची पिन बसवली, घरातल्या आजोबांना दोन-चार चॅनल फिरवून बघायला सांगितलं, चित्र नीट आलं ते पाहिलं आणि निघाले. कुणाला हे कोरडेपणाचं वाटेल, तर वाटो. काम अर्धं टाकून आले असते तर सासूबाईंनी होत्या तिथून विचारलं असतं, "चित्र आलं का त्यायचं?"

इतवारीच्या पुढे आमची विणकरांची जुनी वस्ती आहे. तिथं माझ्या सासूबाईंना, कौसल्याबाईंना, सगळे केबलवाल्या काकू म्हणत. सासऱ्यांचा हातमाग बंद पडला तेव्हा त्यांनी छतावर डिश बसवून केबलचा धंदा सुरू केला होता. धंदा जरा उभा राहतो न राहतो तोच ते गेले. सासूबाईंनी पदर खोचला आणि शिडी खांद्यावर घेतली. मागाच्या खोलीत मशिनं आली आणि त्या खोलीला कंट्रोल रूम म्हणायला लागले, पण मागाचा बाक तिथंच राहिला. एक बाई गच्चीगच्चीवरून वायर ओढत फिरते म्हणून सुरुवातीला लोक हसले. नंतर ज्याच्या घरचं चित्र जाई तो हसायचा बंद होई.

मी नरखेड तालुक्यातली. माझे वडील दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगीच्यात कामाला होते. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात कॉलेजची पायरी चढलेलं कुणी नव्हतं. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि त्याच हिवाळ्यात माझं लग्न झालं. पुस्तकं मी पेटीत साड्यांच्या खाली ठेवून आणली होती. वाचायला मिळतील अशी आशा नव्हती, पण टाकून देववेनात. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी सासूबाईंनी पेटी उघडी पाहिली.

"हे काहाचे पुस्तकं हायेत वं?"

"फायनल राहिलं आई."

"मंग राहिलं काहून?"

उत्तराची वाट त्यांनी पाहिली नाही. कंट्रोल रूममध्ये गेल्या आणि आमच्या स्वतःच्या घराची वायर काढून ठेवली. मग सासऱ्यांनी मागावर विणलेला शेवटचा पंचा, पांढरा, लाल काठाचा, ट्रंकेतून काढून टीव्हीवर टाकला. यजमान कामावरून आले आणि बटणं दाबून दाबून थकले. "केबलवाल्याच्या घरी केबल नाई, लोक काय म्हणतीन?" असं त्यांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "लोकायले सांग, सून बी.कॉम. करून राहिली."

त्या काळात संध्याकाळची एक मालिका सासूबाई कधी चुकवत नसत. सवय अशी की टीव्ही झाकलेला असला तरी वेळ झाली की त्या समोर येऊन बसायच्या, हातात निवडायची भाजी घेऊन. मग शेजारच्या शेवंताबाई आपल्या घरी भाग बघून धावत यायच्या आणि उंबऱ्यावर बसून त्यांना सगळं सांगायच्या. मी पडद्यामागे पुस्तक घेऊन बसलेली. शेवंताबाईंचा आवाज असा की चौकापर्यंत जावा. मालिकेतल्या सासूनं सुनेला घराबाहेर काढलं की त्यांना राहवत नसे. सासूबाई दर दोन वाक्यांना म्हणायच्या, "हळू बोल वं शेवंते, सून वाचून राहिली." एकदा शेवंताबाई चिडल्या. म्हणाल्या, "तिकडं सुनेले हाकलून देल्लं अन् तू इथं सुनेसाठी टीव्ही झाकून बसली. तुले ते सिरीयल समजतच नाई." मी पडद्यामागे हसू दाबत होते. आजही ताळेबंदाचं पान उघडलं की मला ती मालिका आठवते, जी मी कधी पाहिली नाही.

मी पास झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. हे मी प्रत्येकाला सांगते आणि पुढेही सांगेन. सासूबाई तर माझ्याआधीच सांगून मोकळ्या व्हायच्या. वीज बिल भरायला गेल्या तरी, "माही सून बी.कॉम. हाये."

पुढच्या फेब्रुवारीत एका बाईनं भाजी घेता घेता त्यांना हळूच विचारलं, "काकू, तुमच्या सुनेच्या वेळी बंद ठेवली होती म्हणते... आमच्या पोट्ट्याची बारावी हाये." सासूबाईंनी त्या घराची लाइन काढली. पोरगा आला भांडायला, तर म्हणाल्या, "फॉल्ट हाये बाप्पा. पाहून राहिली मी." दुसरी आई आली, तिसरी आली. त्यानंतर दरवर्षी थंडी ओसरली की आया एकेकट्या आमच्या दाराशी यायच्या आणि सासूबाईंच्या लाइनीत बरोबर परीक्षा संपेपर्यंत फॉल्ट यायचा. पोरांचा राग सासूबाईंवर, आया नामानिराळ्या. वस्तीतल्या पोट्ट्यांनी त्यांना काय काय नावं ठेवली असतील ते मी लिहीत नाही. बापांची गोष्ट वेगळी. क्रिकेटची मॅच असली की ते दाराशी घुटमळायचे. सासूबाई त्यांना कंट्रोल रूममध्ये मागाच्या बाकावर बसवायच्या, पण आवाज बंद करून. "तुही पोरगी तिकडं पाठ करून राहिली अन् तू इथं बोंबलशीन तर उठवीन." मोठमोठे गडी तिथं मुक्यानं मॅच बघायचे, चौकार गेला की नुसत्या मांड्या चोळायचे.

या सगळ्यात त्यांचा एकच नियम होता. लाइन बंद असेल त्या दिवसांचे पैसे घ्यायचे नाहीत. मी कॉमर्सवाली, मी वाद घातला. म्हटलं, आई, आपलं भाडं, वीज, सिग्नल देणाऱ्या वरच्या कंपनीचे पैसे थांबत नाहीत, निदान अर्धे घ्या. त्या म्हणाल्या, "जे देल्लं नाई त्याचं घ्याचं नाई." माझं गणित चुकीचं नव्हतं, हे मी आजही म्हणते. पण तो नियम त्यांचा होता आणि धंदाही त्यांचा होता.

मग सेट टॉप बॉक्स आले आणि त्यानंतर चॅनल निवडायचा नियम आला. जे बघाल त्याचेच पैसे द्या, असं टीव्हीवर सांगायचे. ऐकायला ते सासूबाईंच्याच नियमासारखं वाटलं, म्हणून त्या खूश झाल्या. प्रत्यक्षात चॅनल सुटा घेतला तर महाग आणि नको असलेल्यांसकट गठ्ठा घेतला तर स्वस्त. वर काही बघा किंवा न बघा, लाइनचा आकार वेगळा. वस्ती आमच्या अंगणात जमली. तिथं माझं बी.कॉम. कामाला आलं. मी फळा घेऊन एकेका घराला समजावलं... हे घेतलं तर एवढं बसेल, ते सोडलं तर तेवढं वाचेल. एक म्हातारे म्हणाले, "म्हणजे मले वांगं पाहिजे तर सोबत कारलंबी न्या लागन?" मी म्हटलं, हो, आणि नुसतं वांगं घेतलं तर टोपलीपेक्षा महाग पडेल. सासूबाई माझ्या मागे खुर्चीवर बसून होत्या. पुरुष मंडळी आपले खेळाचे आणि बातम्यांचे चॅनल सांगून निघाली की त्या हटकायच्या, "थांब गा. घरात अजून कोण कोण हाये? त्यायले इचारलं का?" मग घरून बायकोला बोलावणं जायचं, आईला जायचं. त्यामुळे आमच्या वस्तीचं काम सगळ्यात उशिरा संपलं.

खरी अडचण फेब्रुवारीत आली. आता वायर काढून भागत नव्हतं. बॉक्स कंपनीच्या यंत्रणेतून बंद झाला नाही तर पॅकेजचा आकार चढतच राहणार. सासूबाई मला घेऊन सीताबर्डीला कंपनीच्या ऑफिसात गेल्या. तिथला साहेब वयानं माझ्याएवढा. म्हणाला, "मावशी, सिस्टीममध्ये असा ऑप्शनच नाही."

"मंग टाक ना गा. सिस्टीम तुमीच केली ना?"

"परीक्षेसाठी कुणी केबल बंद करतं का?"

"तुह्या मायनं केली असती तर याच्याहून मोठ्या खुर्चीत बसला असता."

मी घाबरले, पण तो हसला. कॉम्प्युटरवर शोधत म्हणाला की ग्राहक बाहेरगावी गेला असेल तेवढी एकच सोय आहे, तेव्हा बॉक्स थांबवता येतो आणि आकारही थांबतो. सासूबाई लगेच म्हणाल्या, "लिही मंग. गेले म्हणा गावाले." किती घरं, असं त्यानं विचारलं. "अर्धी वस्ती," त्या शांतपणे म्हणाल्या. तेव्हापासून कंपनीच्या कॉम्प्युटरात आमची अर्धी वस्ती दर फेब्रुवारीत गावाला जाते आणि परीक्षा संपल्या की परत येते. त्या साहेबाला सासूबाई मरेपर्यंत दरवर्षी तीळगूळ पाठवत.

पुढे मी घरोघरी इंटरनेट द्यायचं म्हटलं तेव्हा त्यांचा विरोध होता. पोरं आता फोनवरच बघतात, नुसत्या केबलवर आपण टिकणार नाही, हे त्यांना पटवायला मला खूप दिवस लागले. शेवटी त्यांनी एकच गोष्ट विचारली, "त्याले बंद कराचं बटन हाये ना?" आहे म्हटल्यावर तयार झाल्या. आता आया टीव्हीसोबत वायफायही बंद करायला सांगतात.

गेल्या दिवाळीनंतर त्यांची तब्येत ढासळली. त्याच सुमारास एका मोठ्या कंपनीनं आमच्या सगळ्या जोडण्या विकत मागितल्या. यजमान बुटीबोरीला कारखान्यात पाळीनं जातात. त्यांना ते बरं वाटलं, आणि त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. जोडण्या कमी होत आहेत, खांबावरच्या वायरी जुन्या झाल्या आहेत आणि शिडीवर आता मी चढते. सासूबाईंच्या कानावरही हे गेलं होतं.

आमची शेवटची भेट दवाखान्यात झाली. त्या सामान्य वॉर्डात होत्या. भिंतीवर टीव्ही मोठ्यानं चालू होता आणि शेजारच्या खाटेवरच्या आजारी बाईची मुलगी मांडीवर जाड पुस्तक ठेवून कानात बोटं घालून वाचत होती. सासूबाईंना धड बोलवत नव्हतं. त्यांनी हातानं मला टीव्ही दाखवला, मग ती मुलगी दाखवली. मी नर्सला विचारून टीव्ही बंद केला. एकदोघे कुरकुरले. मुलीनं वर पाहिलं, पण कुणी बंद केला ते तिला कळलं नाही. सासूबाईंनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. मग तशाच, डोळे मिटूनच म्हणाल्या, "फेब्रुवारीत कोण बंद करन?"

मी म्हटलं, "मी करीन ना आई." त्यावर त्या "हं" म्हणाल्या... नंतर बोलल्याच नाहीत.

अंत्ययात्रेला माणसं मावत नव्हती. एक तरुण तलाठी त्यात होता, आमच्याच वस्तीत वाढलेला. परत येताना मला म्हणाला, "वहिनी, आमची लाइन दरवर्षी परीक्षेतच काहून खराब व्हायची, ते आईनं मला आज सांगितलं. मी काकूंना लई बोललो होतो." मी त्याला सांगितलं की त्यांना ते सगळं ऐकू जायचं आणि त्या घरी येऊन आम्हाला नक्कल करून दाखवायच्या.

तेरावा होऊन गेल्यावर त्या मोठ्या कंपनीचा माणूस घरी आला. फोटोपुढे हात जोडले, चहा घेतला आणि बॅगेतून कागद काढले. बोलायला नम्र होता. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. हे वायर ओढणं तुम्हाला शोभतं का?" मी म्हटलं, शोभतं. आणि विचारलं, "परीक्षेत लाइन बंद ठेवता येईल का? त्या दिवसांचा आकार न लावता?"

"आमचं वर्षाचं पॅकेज असतं मॅडम. बंद ठेवलं तरी चालूच धरतात."

"मग कागद परत ठेवा."

तो यजमानांकडे बघायला लागला. ते जमिनीकडे बघत होते. माणूस गेल्यावर मी त्यांना सांगितलं की हे किती वर्षं चालेल ते मला माहीत नाही. आपण मोठ्यांपुढे टिकू असंही मी म्हणत नाही. हिशेब मला तुमच्यापेक्षा जास्त कळतो आणि तो करूनच बोलते आहे. जितकं चालेल तितकं मी चालवीन. दुसऱ्या दिवशी यजमान पाळीवरून आले ते नायलॉनचा नवा दोर घेऊन. "शिडीचा जुना झिजला होता," एवढंच म्हणाले आणि बांधायला बसले.

फेब्रुवारी लागला. पहिले काही दिवस कुणी आलं नाही. सासूबाई गेल्या, आता कुणाला सांगायचं, असं आयांना वाटलं असावं. मग मीच ट्रंक उघडली. आमची मुलगी यंदा दहावीला आहे. पंचा काढला, झटकला. त्याला अजून त्यांच्या ट्रंकेतल्या कापराचा वास होता. टीव्हीवर टाकला आणि रस्त्यावरून दिसावा म्हणून पुढचं दार उघडं ठेवलं. दुसऱ्या सकाळी कंट्रोल रूमच्या दाराशी तीन आया उभ्या होत्या. त्यांची घरं मी गावाला पाठवली. सर्वांत आधी आमचं.

संध्याकाळी भाजी निवडायला घेतली आणि सवयीनं नाही, ठरवून, त्यांच्या जागेवर झाकलेल्या टीव्हीसमोर बसले. मुलगी पडद्यामागे वाचत होती. जरा वेळानं शेवंताबाई आल्या. आता काठी टेकत येतात. उंबऱ्यावर बसल्या, पंच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कुठल्याशा नव्या मालिकेचा आजचा भाग अगदी पहिल्यापासून सांगायला लागल्या. मी ती मालिका बघत नाही. तरी हात थांबवून ऐकत राहिले. गोष्ट रंगली तसा त्यांचा आवाज चढला.

"हळू बोला वं मावशी," मी म्हटलं. "पोरगी वाचून राहिली."