हापशाचे पाईप

सेनगावकडच्या एका तांड्यावर जुन्या बोअरमध्ये सौरपंप बसवायचं काम निघालं होतं. काम एका गुत्तेदाराला मिळालेलं आणि मी त्याचा फिटर. आधी त्यावरचा हापसा काढायचा होता. तिपाई उभी करून मी आणि दोन मजुरांनी सकाळपासून बोअरमधले लोखंडी पाईप एकेक करून वर ओढले. बारा निघाले. सगळ्यात खालचं, पाणी वर उचलणारं पितळी सिलेंडर मी फडक्यानं पुसलं आणि माझ्या पिशवीत टाकलं.

चोरून नाही, सगळ्यांदेखत. आमच्या धंद्यात रीतच तशी होती. काढलेला माल गुत्तेदाराचा, त्यातला एखादा तुकडा फिटरचा. माझ्या घरचं फाटक अशाच पाईपांचं आहे. ते मुळात कुणाचे, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

चार पाईप पिकअपमध्ये चढवून झाले, तेवढ्यात शेजारच्या घरातली एक म्हातारी चहा घेऊन आली. सगळ्यांच्या हातात कप दिले आणि उरलेल्या पाईपांवरच बसली.

"हे कुठं नेऊन राहिले?"

"भंगारात, मावशी," मी म्हणालो.

"काहून? तुमी आणले व्हते का?"

उत्तराची वाट न बघता ती सांगू लागली, "हापसा बसला तवा वढ्यातून गाडी येत न्हवती. सडकेपासून हे पाईप आमी बायांनी खांद्यावर आणले. एका पाईपाला दोघी. माझी पोरगी पोटात व्हती तवा."

गाडीजवळ उभा असलेला गुत्तेदार शांत माणूस. आवाज न चढवता म्हणाला, "मावशी, जुना माल काम करनाऱ्यानंच न्यायचा. सगळीकडं असंच हाय." मग माझ्याकडं वळला. "सांग की, बराबर हाय का न्हाई?"

मी कप खाली ठेवला, पिशवीतलं सिलेंडर काढलं आणि म्हातारीच्या पायाशी नेऊन ठेवलं. मग गुत्तेदाराकडं पाहिलं.

"मला बी ठाऊक न्हाई," मी म्हणालो. "ग्रामसेवकाला इचारा."

फोन गुत्तेदारानंच लावला. ग्रामसेवक म्हणाला, काढलेलं साहित्य ग्रामपंचायतीत जमा करायचं, कामाच्या कागदात लिहिलंय तसं. गुत्तेदारानं गाडीतून कागद आणला. शेवटच्या पानावर ते होतं. वाचून तो गाडीला टेकला.

"मी दुसऱ्या गुत्तेदाराकडं खड्डे खंदायला व्हतो," तो म्हणाला. "त्यानं केलं तेच शिकलो. आजवर कुनी इचारलंच न्हाई."

त्याच्याइतकाच मीही ओशाळलो होतो. चढवलेले पाईप आम्ही दोघांनी मिळून उतरवले.

म्हातारीचं समाधान तरी कुठं झालं होतं? "पंचायतीचे म्हंजे कुनाचे? पंचायत तिकडं गावात, आमी हितं. एकदा तिकडं गेले की आमाला दिसनार बी न्हाईत." ती उठायला तयार होईना. शेवटी दुपारी ग्रामसेवक मोटरसायकलवर आला, रजिस्टरात नोंद केली आणि पाईप तिच्याच अंगणात ठेवायला राजी झाला. सिलेंडर तेवढं पंचायतीच्या कपाटात ठेवायला नेलं.

पुढं तांड्यातल्या बायकांनी ग्रामसभेत विषय लावून धरला. दोन सभा नुसत्या बोलण्यात गेल्या. तिसरीत ठरलं, सौरपंपाच्या पाण्याच्या टाकीकडं जाणाऱ्या चढावर या पाईपांचा कठडा करायचा. वेल्डिंगचं मशीन गुत्तेदारानं आपणहून पाठवलं. मी दिवसभर जोडकाम करत होतो आणि म्हातारी शेजारी उभी राहून कुठं पाय घसरतो ते दाखवत होती. एक खांब तिनं मला दोनदा उपटायला लावला.

आता कुठंही गेलो की पाना लावण्याआधी मी विचारतो, काढलेला माल कुठं ठेवायचा? काही गुत्तेदारांनी मला बोलावणंच सोडलं. हा गुत्तेदार मात्र बोलावतो. मागच्या कामावर तर मी तोंड उघडायच्या आत त्यानंच ग्रामसेवकाला फोन लावला होता.